जाड दाण्याची दारू

फार फार वर्षांपूर्वी, मुलांनो आणि मोठ्यांनो, जंगलाला लागून एक गाव होतं. तिथल्या एका बाईने वनदेवीला नवस बोलला होता. तिचा नवरा गावाचा शिकारी. एकदा तो मरणाच्या दारातून परत आला, तेव्हा तिने पदर पसरला. "आई, ह्यांच्या बंदुकीचा बार मीच भरीन. अंघोळ करून, उपाशीपोटी भरीन. पहिली पुडी तुझ्या पायाशी ठेवीन. आणि मनात शंका आली, तर भरलेलं सगळं पाण्यात ओतीन."

बंदुकीची दारू मोजून कागदाच्या पुड्यांत बांधायची हे तिचं काम. जुन्या लांबनळीच्या बंदुकीला ती जाड दाण्याची दारू वापरी, लापशीच्या रव्यासारखी.

त्या वर्षी एक वाघ माणसांवर उठला. दोन गुराखी गेले. तिसऱ्या दिवशी ठरलं, हाकारा घालायचाच, आरडाओरडा करून वाघाला रानातून बाहेर काढायचं. दुपारी नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ आपापली बंदूक घेऊन रानात उभे राहणार होते.

सकाळी दीर एक नवं मडकं घेऊन आला. "वहिनी, बाजारातली नवी दारू! पिठासारखी बारीक. बघा तरी." त्याने चिमूटभर दगडावर ठेवून निखारा लावला. भस्सकन ज्वाळा उठली. मग वहिनीच्या दारूची चिमूट पेटवली. ती जरा रेंगाळत जळली.

"बघितलंत? तुमची दारू अजून झोपेतच आहे," दीर हसला.

नवराही विरघळला. "अगं, वाघ काही तुझ्या दारूची वाट बघत उभा राहणार नाही. हीच भर."

बाईने बारीक दाणे बोटांवर घोळवले. "अहो, पाचोळा भस्सकन पेटतो, म्हणून त्यावर भाकरी भाजते का मी? ही एकदम पेटणार. आजोबांच्या वेळची नळी तो धक्का कसा सोसेल? गोळीला रेटा हवा, नळीला तडाखा नको."

"वहिनी आता उस्तादही झाल्या!" दीर म्हणाला.

 पहिली पुडी तिने पहाटेच, दीर यायच्या आधी, बांधून देवीपुढे ठेवली होती. आता तिने पुढच्या भरायला घेतल्या. पाच झाल्या तोच दारात हाकारा घालणारी माणसं आली. ती त्यांना पाणी द्यायला उठली. परत आली तर तिच्या मडक्यात जाड दाण्यांमध्ये बारीक भुकटी दिसली.

"थोडीशीच मिसळली," दीर ओशाळून म्हणाला. "तुमचाही मान राहील, माझाही."

"कधी मिसळलीत? पुड्या भरण्याआधी, की आत्ता?"

"आता ते कुठलं आठवतंय मला!"

 सबंध घरात जाड दाण्याची तेवढीच दारू होती. तरी तिने पाचही पुड्या घागरीत ओतल्या, आणि मागोमाग मडकंही.

"वेडी झालीस का?" नवरा ओरडला. "वाघापुढे काय टाळ्या वाजवू?"

तिने देवीपुढची पुडी उचलून त्याच्या हातावर ठेवली. "ही आईजवळची. एवढीच शंकेबाहेरची आहे. एकच बार आहे, वाघ जवळ येऊ द्या." तिचे डोळे भरले होते. मग ती दिराकडे वळली. "भाऊजी, हात जोडते. ती दारू बंदुकीत भरू नका."

पण दिराने भरलीच.

दुपारी हाकारा उठला. बाई अंगणात उभी राहून कान देऊन ऐकत होती. एक कानठळ्या बसवणारा स्फोट झाला.  मग काही क्षण काहीच नाही. आणि मग एक बार, जड आणि सरळ.

संध्याकाळ व्हायच्या आत माणसं परतली. दिराची नळी बारासरशी फुटली होती, उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. स्फोटाने बिथरलेला वाघ त्याच्याकडे धावत सुटला, तेव्हा नवऱ्याने जनावर दहा पावलांवर येईपर्यंत श्वास रोखला आणि आपला एकुलता बार सोडला. वाघ जागीच आडवा झाला.

बाईने हळद लावून दिराचा हात बांधला. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मी ज्वाळेला भुललो. दादाच्या हाती तुमची पुडी नसती तर आज मी नसतो."

"माझं काय त्यात, भाऊजी? आईने दोघांना घरी आणलं," ती म्हणाली. तिने देवीपुढे डोकं टेकवलं, ते कितीतरी वेळ उचललंच नाही.

जे सर्वांत आधी भडकतं ते सर्वांत चांगलं नसतं. ज्याच्या हाती द्यायचं त्याला सोसेल तेच चांगलं.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एक एवढं मागणं आहे. तुमच्या हातून दुसऱ्याचा जीव जपला जाणार असेल, तर तुम्हीही असाच नेम पाळा. शंका आली की भरलेलं ओतून द्या, आणि घरची माणसं घरी आली की देवाचे आभार मानायला विसरू नका.