पांढरी भिंत

फार जुनी गोष्ट, आपल्या खापरपणजोबांच्याही आधीची. एका मोठ्या नदीच्या तोंडाशी एक बंदर होतं. तिथं घाटावर एका तांडेलाची बायको एकटीच राहायची. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. तो वारला, तरी गाव तिला तांडेलीणच म्हणे. घर साधंच होतं, पण नदीकडची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र. दर वर्षी तांडेलीण स्वतः शिडीवर चढून चुना मारायची.

हौस म्हणून नव्हे हं! नदीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा होता. तो दिसायचा नाही, पण त्यावर चढलेलं गलबत बुडालंच म्हणून समजा. म्हणून येणारा प्रत्येक तांडेल गलबताचं नाक त्या पांढऱ्या भिंतीच्या रोखानं धरायचा आणि सुखरूप घाटाला लागायचा.

एकदा तिथं नवा ठाणेदार आला. आल्या आल्या त्यानं दवंडी पिटली, "महाराज येणार आहेत हो! घाटावरची सगळी घरं गेरूनं लाल करा. जो करणार नाही, त्याचं घर पाडू!"

झालं, सगळा घाट लाल झाला. भिंत कशासाठी आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

तांडेलीण ठाण्यावर गेली. "सरकार, बाकी घर लाल करते. ती एक भिंत सोडा. तिच्यावर गलबतं येतात."

ठाणेदार हसला. "गलबतं शिडावर येतात म्हातारे, भिंतीवर नाही!"

"तुम्ही कधी सुकाणू धरलेलं दिसत नाही," ती म्हणाली आणि तडक घरी आली.

शिपायांनी भिंतीला गेरू फासला. त्यांची पाठ फिरताच तिनं चुना मारला. पुन्हा गेरू, पुन्हा चुना! शेवटी त्यांनी भिंत लाल करून तिचा सगळा चुनाच उचलून नेला.

शेजारीण म्हणाली, "अगं, का हट्टाला पेटलीस? घर जाईल तुझं!"

"जाऊ दे. तुझा नवरा कुठली भिंत बघून परत येतो गं?"



महाराज येण्याच्या दिवशी तांडेलिणीनं माळ्यावरून नवऱ्याचं जुनं पांढरं शीड काढलं. शेजारीण दोर धरायला आली. दोघींनी ते छपरावरून भिंतीवर सोडलं.

शिपाई धावत आले. "काढ ते!"

तांडेलीण हातात वल्हं घेऊन शिडाला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला काढा!"

शिपाई घुटमळले. तेवढ्यात दोन गलबतं दिसू लागली. पुढच्यात महाराज होते, सुकाणूवर गावचाच तांडेल. मागच्यात ढोलताशे घेऊन सामोरा गेलेला ठाणेदार, आणि सुकाणूवर त्याचा मेहुणा. पुढच्यानं भिंतीवरच्या पांढऱ्या शिडाच्या रोखानं नाक धरलं आणि थेट घाट गाठला. मेहुण्याला सरळ वाट जवळची वाटली. कर्रर्र! गलबत दांड्यावर चढलं आणि कलंडलं. ढोल तरंगत गेले. ठाणेदाराला कोळ्यांनी पाण्यातून होडीत ओढून आणलं.

काठावर येताच तो ओरडला, "महाराज, हीच ती! हिनं हुकूम मोडला!"

"महाराज, भिंतीवरच्या त्या शिडाच्या खुणेवरच मी आपल्याला आणलं," गावचा तांडेल म्हणाला.

महाराजांनी तांडेलिणीला विचारलं, "हुकूम मोडलास?"

"मोडला. पुन्हा असला हुकूम काढलात, तर पुन्हा मोडीन!"

महाराजांनी चिंब ठाणेदाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, काय हवं ते माग."

"माझा चुना परत द्या. ज्यानं न्यायला लावला, त्यानंच आणून द्यावा."

आणि भर बाजारातून, डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन, ठाणेदार तिच्या दारी आला.

ज्या खुणेवर चार जणांचे जीव तरतात, ती कुणाच्याही हुकमानं पुसू देऊ नये.