धुराची ताटली

धवलसेन राजाच्या शुभ्र महालाची भिंत काळी पडली आणि राजाचं डोकं फिरलं.

"हा धूर कुणाचा?" त्याने भर दरबारात विचारलं.

"कुंभारांचा, दुसऱ्या कुणाचा असणार?" प्रधानजी म्हणाले. "हलवा त्यांच्या भट्ट्या नदीपलीकडे."

नदीपलीकडे ना माती बरी, ना गिऱ्हाईक. कुंभारांच्या घोळक्यात तान्ह्याला कडेवर घेऊन गोजरा उभी होती. ती बोलून गेली, "मोजलाय का कुणी?" आणि तिने जीभ चावली.

"धूर मोजायचा?" राजाला गंमत वाटली. "मग तूच मोज. अमावास्येला गावातल्या प्रत्येक धुराचं माप मला दिसलं पाहिजे. ज्याचा सगळ्यांत जास्त, त्याची चूल नदीपलीकडे. नाही जमलं, तर अख्खा कुंभारवाडा!"

"तुला कुणी सांगितलं होतं मधे बोलायला?" वाटेत नवरा, धोंडिबा म्हणाला. गोजरा स्वतःला तेच विचारत होती. घरी आल्यावर काहीच सुचेना, म्हणून ती बाळासाठी काजळ धरायला बसली. दिव्यावर पालथी घातलेली ताटली हळूहळू काळी होत गेली आणि गोजरा बघतच राहिली.

"अहो, चाक फिरवा!"

धोंडिबाने एका मापाच्या ताटल्या काढल्या. गोजराने पाठीवर ज्याची त्याची खूण कोरली आणि भाजून झाल्यावर पोटाला चुना फासला. मग भट्ट्या, लोहार, हलवाई, सगळ्यांच्या धुराड्यांवर सारख्याच उंचीवर त्या टांगल्या.

राजवाड्याचा पहारेकरी आडवा आला. "इथं कशाला?"

"तुमच्याकडे धूर होत नसेल तर ताटली पांढरीच राहील. भिता कशाला? घ्या, तुमच्याच हाताने टांगा."

आपलीच ताटली सगळ्यांत काळी निघाली तर? हा विचार गोजराला सुचला, तो शेवटची ताटली टांगून झाल्यावर.

अमावास्येला दरबारात ताटल्या मांडल्या. राजाने एक उचलली. "ही बघा, कोळशाहून काळी. कुणाची का असेना, त्याची चूल आजच्या आज हलवा."

"हुकूम पक्का ना, महाराज?"

"राजाचा शब्द आहे."

गोजराने ताटली उलटली. पाठीवर राजछत्र कोरलेलं.

"महाराजांच्या अंघोळीच्या पाण्याची चूल."

"काहीतरीच!" प्रधानजी ओरडले. "भट्टीचा धूर तर कोसावरून दिसतो."

"दिसतो ना. पण भट्टी पंधरवड्यातून एकदा पेटते, तीही वाळक्या गोवऱ्यांवर. इथली चूल रोज दिवसभर धुमसते, ओल्या लाकडांवर."

राजाने कपाळावर हात मारला. "म्हणजे आता मी नदी ओलांडून अंघोळीला जाऊ?"

"जावं लागेल, महाराज. नाहीतर लाकडं वाळवून जाळा आणि पाणी लागेल तेव्हाच तापवा. तेवढं केलंत, तर मी तुमचा हुकूम विसरायला तयार आहे."

राजा पोट धरधरून हसला. भट्ट्यांची जागा त्याने कुंभारांना कायमची देऊन टाकली. मग ताटलीतल्या काजळीवर बोट फिरवून तो गोजराच्या कडेवरच्या बाळापाशी आला.

"याला दृष्ट लागायला नको. आई फार हुशार आहे याची."

"लावा, महाराज," गोजरा म्हणाली, "पण जरा लहान. डोळ्यात जाईल."