मुंगीचा हिशेब आणि तळ्यातले मासे

नदी जिथे जंगलाला वळसा घालते, तिथे एक पाणमांजर आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. उन्हाळ्यात नदी आटे आणि पिल्ले उपाशी झोपत. गेल्या उन्हाळ्यात तर धाकटे इतके वाळले होते, की ते सकाळी उठेल की नाही याची आईला धास्ती वाटे. म्हणून यंदा तिने एक युक्ती केली. जंगलाच्या कडेला कुणा शेतकऱ्याने खणून सोडून दिलेले शेततळे होते. पावसाळा सरताच ती नदीतली बोटाएवढी माशांची पिल्ले अलगद तोंडात धरून आणी आणि त्या तळ्यात सोडी. आज खाल्ले तर एक घास, ठेवले तर उन्हाळ्यात पोटभर जेवण. स्वतः ती खेकड्यांवर भागवी.

तळ्याच्या बांधावर एक मुंगी राहत असे. मोठी हिशेबी. ती म्हणाली, "ताई, एवढ्याशा माशांनी काय होणार? आमच्या वारुळात दुप्पट दाणे टाकले की दुप्पट निघतात. तूही दुप्पट टाक."

पाणमांजरीला ते पटले. तिने दुप्पट मासे टाकले, मग त्याच्याही दुप्पट. पिल्लांना बजावले, "तळ्यात उतरायचं नाही. माझे मासे बुजतील." मग ती बांधावर उताणी पडून आभाळ बघत राही. एक ढग माशासारखा दिसे, मागचा त्याहून मोठा. बघता बघता डोळा लागे, आणि स्वप्नात तिची पिल्ले गुबगुबीत होऊन ढगांतून पोहत. मुलांनो, मनातले मांडे खाताना कुणाचे पोट कधी भरले आहे का? पण ती झोपेत हसत असे, हे मात्र खरे.

एका पहाटे तिला जाग आली तेव्हा तळ्यावर धुके होते. धुक्याखाली सगळे पाणी इवल्या गोल तोंडांनी भरले होते. तोंडे उघडत होती, मिटत होती. "माझे मासे मला हाक मारताहेत," ती हरखून म्हणाली.

"हाक नव्हे बाई, दम लागलाय त्यांना," चिखलातून मान काढत म्हातारे कासव म्हणाले. "तळ्यात दाटी झाली. उन्हं चढेपर्यंत टिकायचे नाहीत."

"पण मुंगीचा हिशेब?"

"दाण्यांचा बरोबर आहे. दाणा श्वास घेत नाही. मासा घेतो."

ती धडपडत उठून कासवाकडे धावली. "आता काय करू, आजोबा?"

"पोरांना पाण्यात सोड, धुडगूस घालू दे. पाणी ढवळलं की हवा मिसळते. आणि निम्मे मासे नदीला परत कर."

पिल्लांना तेवढेच हवे होते. त्यांनी उड्या मारल्या, शेपट्या आपटल्या, सारे तळे फेसाळून टाकले. आई दिवसभर मासे तोंडात धरून नदीकडे नेत राहिली. प्रत्येक मासा सोडताना लेकरांच्या तोंडचा घास काढल्यासारखे तिला वाटे, आणि ती रडत रडत परत येई. "बुडालीस ग, ताई," मुंगी हळहळली.

उन्हाळा आला. नदी आटली. एका संध्याकाळी आईने तळ्यात बुडी मारली आणि एक मासा वर काढला. दोन्ही पिल्लांनी ओढला तरी तो बांधावर चढेना. शेवटी तिघांनी मिळून चढवला आणि पोटभर खाल्ला. धाकट्याचे पोट टम्म झाले, आणि ते उरलेल्या शेपटीवर डोके ठेवून तिथेच झोपले.

मुंगीने त्या शेपटीभोवती एक फेरी मारली. "अर्धे तर सोडून दिलेस. मग हा एवढा मोठा कसा झाला?"

"जागा मिळाली त्याला," आई हळूच म्हणाली. धाकट्याची झोप तिला मोडायची नव्हती.

तात्पर्य : वाढीचा हिशेब जरूर करावा, पण ज्याला वाढायचे आहे, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवून करावा.