गेनू पाटलांच्या पोराला उजळ करतो

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव गेनू. सासरा सटवाजी चितारी देवळांच्या न् लग्नघरांच्या भिंती रंगवायचा. लेक दिली तेव्हा जावई भोळा आहे हे त्याला ठाऊक होतं. इतका भोळा आहे हे ठाऊक नव्हतं.

सटवाजीने पहिला धडा दिला. "पिवळा फिका दिसला तर त्याला हात लावू नको. शेजारी जांभळा लाव. पिवळा आपसूक उठतो."

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, वरण पांढरंफटक दिसतंय, बघा जरा," आणि पाण्याला गेली. गेनूने हळदीला हात लावला नाही. पातेल्याभोवती वांगी मांडली आणि कौतुकाने बघत बसला. वरण करपलं.

"अरे ठोंब्या!" सटवाजी म्हणाला. "रंग पारखायचा तर लांब उभं राहावं, डोळे बारीक करावेत, मग काय ते ठरवावं."

गेनूला पटलं. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई हिरवं लुगडं नेसून देवळात निघाल्या. लाल काठाशेजारी हिरवा काय पेटला होता! गेनू लांब उभा राहिला. डोळे बारीक केले. पाटलीणबाईंनी चप्पल काढली.

सटवाजी जावयाच्या जांभळ्या टेंगळावर हळद लावायला बसला.

"मामंजी, हळद काय उठून दिसत असेल!"

"गप बस! बघायचं तर बाप्यांकडं बघ. आता घोळ घातलास तर बोचकं बांध."

मग सटवाजी परगावी गेला आणि पाटलांचं बोलावणं आलं. पाटलांचा मल्हारी गुणी पोरगा, पण तव्यासारखा काळा. लोकांना गुण कुठे दिसतात? रंगावरून स्थळं मोडत होती. आज मुलीकडचे घर बघायला आलेले, पुरणपोळ्या हाणून ओसरीवर झोपलेल्या मल्हारीच्या दोन्ही बाजूंना घोरत पडले होते.

"गेनू," पाटील कुजबुजले, "पाव्हणं उठायच्या आत पोरगं उजळ दिसाय पायजे. काय रंग लावायचा तो लाव." आणि चहाचं बघायला आत गेले.

गेनू लांब उभा राहिला. डोळे बारीक केले. सगळे बाप्येच होते, भीती नव्हती. मल्हारीला त्याने हातही लावला नाही. तेलात काजळी खलली, मऊ कुंचला घेतला आणि मुलीचा बाप, मामा, चुलता, सगळ्यांची तोंडं कानापर्यंत काळीकुळीत केली.

पाहुणे उठले, एकमेकांकडे बघून किंचाळले. "मोडली सोयरीक!" मुलीचा बाप ओरडला. पाटील धावत येऊन मल्हारीशेजारी उभे राहिले. त्यांचा चेहरा भीतीने चुन्यासारखा झाला.

गेनूने पुन्हा डोळे बारीक केले. मल्हारी झकास उजळला होता, पण बापाशेजारी अजून जरा सावळाच वाटत होता.

"पाटील, हलू नका," कुंचला बुडवत तो म्हणाला. "तुम्ही तेवढे राहिलात."