काठीची कडी

मिरजेच्या परिचारिका कुंदाताई भोगले यांनी काठीला बसवायची रबरी कडी शोधून काढली. ती लावली की टेबलाला टेकवलेली काठी घसरत नाही आणि ती उचलायला वाकून म्हातारी माणसं पडत नाहीत. पण पेटंटच्या साहेबांनी चौथ्या खेपेलाही तेच ऐकवलं, "बाई, यात शोध कसला? हे कुणालाही सुचेल!"

कुंदाताई वैतागून कागद गोळा करू लागल्या, तोच साहेबांचीच काठी घसरून धाडकन खाली पडली. ती उचलून देत त्यांनी विचारलं, "किती वर्षं वापरताय?"

"नऊ."

"रोज पडते?"

"दिवसातून दहादा!" साहेब करवादले.

"मग कुणालाही सुचणारी ही कडी नऊ वर्षांत तुम्हाला का नाही सुचली?"

साहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि मंजुरीची सही केली.