गोजराक्कानं रोवलेली काठी

ही गोष्ट माळशेंडीची म्हातारी माणसं सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणत नाहीत.

फार मागे, गोऱ्या साहेबाच्या अमलात, समुद्रापल्याड मोठी लढाई पेटली. पलटणीला माणसं पुरेनात. माळशेंडीच्या गोजराचा नवरा बयाजी पलटणीत शिपाई होता. लढाईच्या पहिल्याच वर्षी तो पडला. राख आली नाही, कपडे आले नाहीत, नुसता कागद आला. गोजरानं कुंकू पुसलं नाही, असं म्हणतात. कागदावर मेलेला नवरा तिला कबूल नव्हता.

तिसऱ्या वर्षी भरतीचा जमादार गावात आला. त्याच्याजवळ मापाची काठी होती, काठीवर लाल खूण. खुणेला डोकं लागलं की गडी फौजेत. नावं द्यायची पाटलानं. आबाजी पाटलानं बारा नावं दिली, आणि त्याचे स्वतःचे दोन तरणे मुलगे त्यांत नव्हते. गोजराचा दौलती मात्र होता. वय सोळा, पाटलानं लिहिलं एकोणीस.

गोजरा चावडीवर आली. तिनं जमादाराच्या हातातली काठी घेतली आणि चावडीपुढच्या कातळात रोवली. कातळात! चार गडी लागले, काठी हलेना.

"आक्का, सरकारी काम हाय. बाजूला व्हा," पाटील म्हणाला.

"सरकारी हाय तर समद्यांचं हाय. तुमची पोरं कुटं हायेत?"

"माजी पोरं मापात बसत न्हाईत."

"मग भ्यायचं कशाला? उभी करा."

लोक हसले. हसण्याला पाटील घाबरला, जमादाराला नसता घाबरला. त्यानं मुलांना बोलावलं.

"आणि तुझा?" जमादारानं विचारलं.

गोजरानं दौलतीकडं पाहिलं. दौलती उंच होता, बापासारखा. सहा महिन्यांत तिनं दोनदा त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वाढवल्या होत्या. पण मागं सरली असती, तर बाराही घरं बुडाली असती.

"त्यालाबी उभा करीन," ती म्हणाली. "खुणेला लागला तर न्या."

पाटलाचा थोरला काठीला पाठ लावून उभा राहिला. डोकं बरोब्बर खुणेला! धाकटा उभा राहिला. तोही खुणेला! काठी आखडली की पोरं वाढली, कुणी पाहिलं नाही. मग दौलती पुढं झाला. गोजरानं डोळे मिटले नाहीत. आणि असं म्हणतात, की लाल खूण त्याच्या डोक्यावर सरकत सरकत वीतभर वर जाऊन थांबली.

पाटील गोजराच्या पायांशी बसला. "आक्का, माज्या घरात दोनच हायेत."

"माज्या घरात एकच हाय, तरी त्याचं नाव तुमी दिलंत," ती म्हणाली. "फौजेचं मला वावडं न्हाई, पाटील. माजा धनी आपल्या पायानं गेला व्हता. ज्याला जायचं त्यो आपल्या तोंडानं नाव सांगल. दुसऱ्याच्या पोराचं नाव तुमी सांगायचं न्हाई."

जमादारानं पाटलाची यादी फाडली. त्या दिवशी तिघांनी स्वतः नावं सांगितली. त्यांत पाटलाचा धाकटा होता.

दोन वर्षांनी दौलती अठराचा झाला आणि आईपुढं उभा राहिला. "आई, माजं नाव मी सांगणार." गोजरानं भाकरी बांधून दिली. वेशीपर्यंत गेली. तो परत आला नाही. इथं काठीनं काही चमत्कार केला नाही, आणि माळशेंडीची माणसं खोटं सांगत नाहीत.

काठी अजून कातळात आहे. आजही फौजेत जाणारा पोरगा तिच्याजवळ उभा राहून आपलं नाव आपणच मोठ्यानं सांगतो. तेव्हा आईबापही बोलत नाहीत. आणि कुणी पाहुणा चावडीवर युद्धाचं भाषण ठोकू लागला, पोरं द्या म्हणू लागला, की गावच्या म्हाताऱ्या उठतात, त्याचा हात धरून त्याला काठीपाशी नेतात आणि विचारतात, "दादा, तुमचा पोरगा आणलाय न्हवं?"

आजवर एकाचंही भाषण पुरं झालेलं नाही.