कुंद्याचं वावर

फार जुन्या काळी, दोन गावांच्या मधे नुसतं जंगलच असे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि थोरांनीही ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा शेतकरी आणि त्याची बायको कोंडाबाई राहत होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं. मुलगी जंगलापलीकडच्या गावची, नाव सगुणा.

त्या मुलखात एक रीत होती. लेक सासरी निघाली की बाप तिच्या ओटीत आपल्या घरचं बी घाली. सासरची माणसं एक वावर तयार ठेवत आणि सून त्यात माहेरचं बी पेरी. ते उगवलं की दोन घरं खरी जोडली गेली, असं लोक मानत.

हैबतीने नदीकडेचं वावर निवडलं. पण ते बरीच वर्षं पडीक होतं आणि त्यात कुंदा माजला होता. कुंदा म्हणजे चिवट गवत. वर वीतभर दिसतं, पण त्याच्या मुळ्या खाली हात हात खोल जातात.

हैबती म्हणाला, "कुंदा खणून काढावा लागेल. मुळी न् मुळी वेचावी लागेल."

कोंडाबाई म्हणाली, "इतका वेळ कुठे आहे? सोयरे येतील तेव्हा वावर तयार दिसलं पाहिजे. नांगर घाला आणि गाडून टाका. खतच होईल त्याचं."

हैबतीने नांगर घातला. कुंद्याच्या मुळ्या तुटून मातीत मिसळल्या. वरून जमीन काळीभोर आणि स्वच्छ दिसू लागली. सोयरे आले, त्यांनी वावर पाहिलं आणि माना डोलावल्या.

लग्न झालं. पाऊस पडून वापसा झाल्यावर, म्हणजे जमीन पेरणीजोगी सुकल्यावर, सगुणाने माहेरचा राळा, ते बारीक पिवळं धान्य, पेरला. चार-पाच दिवसांत राळ्याने डोकं वर काढायला हवं होतं. आठवडा गेला, पंधरवडा गेला. वावरात कुठे कुठे कुंद्याचेच कोंब दिसत होते. राळ्याचं एक पातंही नव्हतं.

गावात कुजबूज सुरू झाली. कोंडाबाईला ती सहन होईना. तिने सुनेला समोर उभं केलं.

"तुझ्या बापाने मेलेलं बी दिलं," ती म्हणाली. "ज्याचं बी असं, त्याची लेक कशी असेल?"

सगुणा म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडे हेच बी पेरतात. मी माझ्या हाताने निवडलंय ते. मला एकदा वावर उकरून बघू द्या."

"वावराला काय झालंय? आमच्या आज्या-पणज्यांनी कसलेलं वावर आहे ते. त्याला हात लावायचा नाही."

सगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत राहिला. हैबतीही काही बोलला नाही. कोंडाबाईने सगुणाच्या माहेरी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

बातमी तिच्या आधीच माहेरी पोचली होती. ज्याच्या घरचं बी उगवत नाही, त्याच्याशी बियाची देवाणघेवाण कोण करणार? पेरणीच्या दिवसांत सगुणाच्या बापाचं अंगण सुनं राहिलं. सगुणाच्या धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत आली होती, ती मोडली. बापाने कोणाला दोष दिला नाही. तो फक्त पारावर बसायचा बंद झाला.

इकडे कोंडाबाईने घर आवरलं. सुनेच्या मडक्यात मूठभर राळा उरला होता. तो तिने परसात, भांड्यांचं पाणी जिथे जायचं तिथे, फेकून दिला. काही दिवसांनी ती खरकटं पाणी टाकायला गेली, तर त्या जागी राळ्याची हिरवीगार रोपं दाटीने उभी होती.

कोंडाबाई बराच वेळ तिथे उभी राहिली. मग तिने आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. तिने ती सगळी रोपं उपटली आणि शेळीपुढे टाकली. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही.

पेरणीचे दिवस अजून सरले नव्हते. हैबतीने त्याच वावरात घरचं बी पेरलं. ते बी कोंडाबाईने स्वतः राखेत घोळून जपलं होतं. गावात तिच्या बियाला मान होता. तेही उगवलं नाही.

आता बियाला बोल लावता येईना. कोंडाबाई खुरपं घेऊन एकटीच वावरात गेली आणि तिने माती उकरली. खाली कुंद्याच्या तुटक्या मुळ्या कुजत पडल्या होत्या. मातीला आंबूस, उग्र वास येत होता. मुळ्यांच्या आसपास तिला बी सापडलं. काही दाणे फुगून तसेच राहिले होते. काहींना मोड आला होता, पण त्याचं टोक जळाल्यासारखं तांबडं पडलं होतं.

तिने काही मुळ्या घरी आणल्या, ठेचल्या आणि पाण्यात भिजत घातल्या. मग दोन खापऱ्या घेतल्या. दोन्हींत अंगणातली माती भरली आणि सारखंच बी टाकलं. एकीत साधं पाणी घातलं, दुसरीत मुळ्यांचं. पहिल्या खापरीत दाट रोपं आली. दुसरीत दोन-तीन खुरटे कोंब तेवढे दिसले.

हैबती खापऱ्यांकडे पाहून म्हणाला, "कुंद्याचा रस मातीत उतरतो. जिवंत असतो तेव्हा शेजारच्याला वाढू देत नाही. आणि गाडला तर कुजता कुजता दुसऱ्याला उगवू देत नाही."

कोंडाबाई म्हणाली, "त्या पोरीचं बी परसात उगवलं होतं. मी ते उपटून शेळीला घातलं."

हैबती मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मीही तोंड मिटून बसलो होतो. ज्यांना सांगायचं ते जंगलापलीकडे राहतात."

कोंडाबाईने दोन्ही खापऱ्या पाटीत ठेवल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि ती जंगलाच्या वाटेने निघाली. मुलगा सोबत यायला निघाला. ती म्हणाली, "तू नंतर ये. आधी मला जाऊ दे."

सगुणाच्या गावात ती पोचली, तेव्हा पारावर माणसं बसली होती. ती घराकडे वळली नाही. तिथेच तिने पाटी उतरवली आणि सगळ्यांना दिसतील अशा खापऱ्या मांडल्या. सगुणाच्या बापाला बोलावणं गेलं. सगुणाही आली.

कोंडाबाईने घडलं ते सांगितलं. गाडलेला कुंदा सांगितला, परसातली रोपं सांगितली, शेळी सांगितली. म्हणाली, "यांचं बी चांगलं होतं. आमची माती नासली होती. बोल मात्र मी यांना लावला."

 मग सगुणा पुढे आली.

"आत्याबाई, त्या दिवशी मी एवढंच म्हटलं होतं, की वावर उकरून बघू द्या."

"म्हटलं होतंस."

"मग का नाही बघू दिलंत?"

कोंडाबाई खाली मान घालून म्हणाली, "खाली काय आहे ते मला ठाऊक होतं. मीच गाडायला लावलं होतं."

सगुणा त्या दिवशी तिच्याबरोबर गेली नाही. ती म्हणाली, "आधी वावर साफ होऊ द्या. मग निरोप धाडा. मी येऊन बघेन आणि मग ठरवेन."

सगुणाच्या बापाने सोयरीण म्हणून कोंडाबाईला जेवायला वाढलं. ती जेवली आणि आल्या वाटेने परतली.

त्या वर्षी नदीकडच्या वावराने काहीच दिलं नाही. घरात भाकरी पातळ झाली. उन्हाळाभर तिघांनी ते वावर खणलं. एकेक मुळी वेचून नदीच्या खडकावर वाळत घातली आणि वाळल्यावर जाळली. मुलाच्या हातांना घट्टे पडले. तक्रार त्याने केली नाही. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या सरींनी माती धुऊन निघेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग सगुणाला निरोप धाडला.

सगुणा आली. तिने खुरपं घेऊन वावरात पाच-सहा ठिकाणी उकरून पाहिलं, माती हातात घेऊन हुंगली आणि मगच राळा पेरला. तो उगवला. ती त्या घरात राहिली. सासूशी सुरुवातीला कामापुरतंच बोलत असे. कोंडाबाईनेही जास्त बोलण्याची घाई केली नाही.

सगुणाच्या बापाच्या अंगणात बियासाठी पुन्हा माणसं येऊ लागली. पण धाकट्या बहिणीची मोडलेली सोयरीक जुळली नाही. तो मुलगा तोवर दुसऱ्या घरचा जावई झाला होता.

म्हणून शहाण्याने ध्यानात ठेवावं: बी उगवलं नाही, तर बियाला बोल लावण्याआधी आपली माती उकरून पाहावी.